काचेत दिसतं ते सगळं

शब्द विकून पोट भरणाऱ्याने आपलं लिखाण घरच्यांच्या हाती पडू देऊ नये, असं ठमीचं आता पक्कं मत झालं आहे. मत झालं तेव्हा फार उशीर झाला होता. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

ठमी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ती गोल गरगरीत होती म्हणून मामाने ते ठेवलं. पुढे चाळिशी उलटली, अंगावरचं मांस झडलं, पण नाव काही झडलं नाही. ती कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीत होती. माल दुसरीकडे बनायचा, कंपनी तो दुकानांना पुरवायची, आणि माहितीपत्रकं, जाहिराती, खोक्यांवरच्या ओळी ठमी लिहायची. कॅमेऱ्यातलं तिला बरंच कळायचं. कळणारच, मामाच्या स्टुडिओत वाढलेली पोर ती.

मामाचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याच्या वळणावरच्या दोन खोल्या आणि मागे अंगण. पुढच्या खोलीत पडदा, दिवे आणि तिपाईवर त्याचा तो चौकोनी कॅमेरा. त्यात वरून खाली बघायचं, म्हणजे काचेवर समोरचं चित्र उमटायचं, फक्त उजव्याचं डावं झालेलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी ठमीच्या आईचं टेबल होतं. आई मामाची थोरली बहीण. चाळीस वर्षं ती त्या टेबलावर बसून बारीक कुंचल्याने लोकांच्या फोटोंवरचे डाग, ओरखडे, डोळ्यांखालची वर्तुळं पुसत आली. हजारो माणसं तिने नीट करून पाठवली. तिचा स्वतःचा फोटो मात्र घरात शोधून सापडायचा नाही. कुणी कॅमेरा रोखला की ती हटकून उठायची. "मी कॅमेऱ्याच्या मागची," म्हणायची. "पुढं आले तर मामाचं काम कोण करणार?"

तर गोष्ट त्या डिजिटल पाठीपासून सुरू झाली. जुन्या चौकोनी कॅमेऱ्याची फिल्मची डबी काढायची आणि तिथे ही पाठ बसवायची, म्हणजे कॅमेरा तोच, भिंगं तीच, फक्त फिल्मच्या जागी चित्र टिपणारा सेन्सर. वस्तू चांगलीच होती. ठमी आजही तिला वाईट म्हणत नाही. घोडं अडलं ते नावापाशी.

"साहेब, हिची चौकट लहान आहे," ती बैठकीत म्हणाली होती.

"कशापेक्षा लहान?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे विक्रीचे प्रमुख. त्यांना प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायची सवय होती.

"फिल्मपेक्षा. या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट चारी बाजूंनी छप्पन्न मिलिमीटर. आपला सेन्सर चव्वेचाळीस बाय तेहतीस. गुणाकार केला तर निम्मासुद्धा भरत नाही. आणि आपण लिहितोय 'पूर्ण मीडियम फॉरमॅट', म्हणजे त्या फिल्मएवढं."

"अहो बाई, मीडियम फॉरमॅट हे माप थोडंच आहे? ते आडनाव आहे. एका आडनावाची माणसं काय सगळी एका उंचीची असतात?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "त्या एक इंची म्हणतात त्या सेन्सरचं काय? आहे का तो एक इंच कुठल्या बाजूनं? धड पाऊण इंचसुद्धा भरत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तरी. गेलं का कुणी कोर्टात?"

"पण फिल्मवाले लोक..."

"फिल्मशी तुलना करायचीच कशाला? रोजच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा आपला दीडपटीहून मोठा आहे की नाही? मग तेच लिहा. उंच दिसायचं असेल तर माणसानं बुटक्याशेजारी उभं राहावं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. ठमीही हसली. हे ती कुणापासून लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात या हसण्याचाही वाटा आहे. आणि खरं सांगायचं तर साहेबांना फक्त 'पूर्ण' हा शब्द हवा होता. त्याच्यापुढची ओळ कुणी मागितली नव्हती. ती ठमीला आपोआप सुचली, घरी जाताना, सिग्नलला उभी असताना. 'काचेत दिसतं ते सगळं.' सहा महिन्यांत सुचलेली सगळ्यांत चांगली ओळ. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती वाचून टेबलावर थाप मारली. ओळ माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत गेली, तिच्या डोक्यावर एक तारा बसला, आणि त्या ताऱ्याचा खुलासा शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापला: सेन्सर ४४ × ३३ मि.मी.; प्रत्यक्ष चौकट काचेवरील दृश्यापेक्षा लहान असेल. खोक्यात पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ चौकोनही होता, काळ्या रेषा आखलेला. तो काचेवर ठेवला की खरी चौकट किती ते कळायचं. म्हणजे कंपनीने कुणाला फसवलं असं म्हणायला जागा नव्हती. सगळं लिहिलेलं होतं, सगळं दिलेलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मामा घरी आला होता, आईला भेटायला. त्याने बरेच दिवस कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. फिल्म मिळेनाशी झाली होती, अंधाऱ्या खोलीतली रसायनं सोसेनाशी झाली होती, आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं होतं. टेबलावर ते माहितीपत्रक पडलं होतं. त्याने उचललं, चष्मा कपाळावर चढवला, आणि पान नाकाशी धरून वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"चांगलं लिहिलंयस," मामा म्हणाला. बस, एवढंच.

त्या क्षणी तिने तोंड उघडायला हवं होतं. पण मामाने आयुष्यात कुणाला 'चांगलं' म्हटलेलं तिने दोनदाच ऐकलं होतं, त्यातलं एक आईने डाग पुसून दिलेल्या एका नवरीच्या फोटोला. ती खुलली आणि गप्प बसली. महिन्याभराने कळलं की मामाने ती पाठ विकत घेतली, तिला न सांगता, दुकानात जाऊन. तेव्हाही तिच्या मनात आलं की फोन करून सांगावं. मग वाटलं, पन्नास वर्षं ज्याने कॅमेरा हाताळला त्याला मी काय शिकवणार? पहिल्याच फोटोत त्याला कळेल. आजीला कशाला सांगायला हवं चूल कशी पेटवायची?

आणि त्याच आठवड्यात आईचे रिपोर्ट आले. त्यानंतर घरात कॅमेरा हा विषयच उरला नाही.

डॉक्टरांनी ठमीला आणि तिच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं. आईला कुणी काही सांगितलं नाही, पण तिने चाळीस वर्षं लोकांचे चेहरे भिंगाखाली पाहिले होते. दोघं खोलीत शिरली तशी ती म्हणाली, "कळलं. आता तोंडं धुऊन या."

मग दोन दिवसांनी ती आपण होऊन म्हणाली, "एक फोटो काढून घेऊ या सगळ्यांचा. मी पण उभी राहते."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने अटी घातल्या. फोटो मामाने काढायचा. त्याच्या कॅमेऱ्यानेच काढायचा. फोनबिन सगळे आत टेबलावर ठेवायचे, कारण फोनमध्ये माणसाचं नाकच मोठं येतं. आणि ती मधे बसणार नाही, कडेला उभी राहील. "मधे बसवलंत तर आजाऱ्याचा फोटो होईल. मला सगळ्यांचा हवाय."

फोटोच्या दिवशी मामाच्या अंगणात सकाळचं ऊन होतं. मामा डोळ्यांत तेल घालून कामाला लागला होता. नवी पाठ तीनच दिवसांपूर्वी बसवली होती, घरातली सुरई मधोमध ठेवून दोन-चार फोटो काढून पाहिले होते, चालतेय म्हणून खात्री केली होती. आता त्याने मामीला मधल्या खुर्चीवर बसवलं, तिच्या एका बाजूला भाऊ, त्याची बायको, त्यांची दोन मुलं. तिकडचं टोक अंगणाच्या खांबापाशी संपत होतं. दुसऱ्या बाजूला ठमी आणि तिच्या पलीकडे, अगदी कडेला, आई.

आईने उभं राहण्याआधी जमिनीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि आपली जागा स्वतः मुक्रर केली. मामाचा कॅमेरा कुठल्या अंतरावरून कुठपर्यंत बघतो हे तिला पाठ होतं. या अंगणात तिने शेकडो वऱ्हाडं उभी केली होती.

"काठापासून वीतभर आत आहे मी," ती म्हणाली. "बघ."

मामाने वाकून काचेत पाहिलं. "अगदी वीतभर. ताई, तुझा नेम काही चुकायचा नाही."

आईने ठमीच्या खांद्यावर हात ठेवला. तोल जाऊ नये म्हणून तिने खांदा घट्ट धरला. त्याच वेळी ठमीच्या मनात तो रेषांचा चौकोन येऊन गेला. मामाने काचेवर लावलाय ना? विचारावं का? पण आईला उभं राहवत नव्हतं, मामा श्वास रोखून खाली वाकला होता, आणि खोक्यात चौकोन येतोच, तर लावलाच असेल. ती गप्प राहिली. मामाने बारा फोटो काढले. मग त्याने पाठीवरच्या इवल्याशा पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उन्हात त्यात काही दिसतही नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्याने पाहिलं नसतं. फोटो काढल्यावर बघायचा नसतो, काढायच्या आधी बघायचा असतो, हे त्याचं ब्रीद होतं. कुणी आपले फोटो बघायची घाई केली की तो हे वाक्य तोंडावर फेकायचा.

फोटोंचं कार्ड त्याने ठमीच्या हातात दिलं. "तुमच्या त्या संगणकात तूच बघ. ताई बरी झाली की मोठा करू."

आई बरी झाली नाही. बावीस दिवसांनी गेली. त्या बावीस दिवसांत कार्ड ठमीच्या पर्समध्ये औषधांच्या चिठ्ठ्यांखाली पडून होतं.

पुढच्या आठवड्यात भाऊ म्हणाला, "आईचा फोटो लावायचा ना बाहेरच्या खोलीत? त्यातला तिच्यापुरता काढून मोठा कर." ठमीने कार्ड ऑफिसात नेलं, कारण चांगला पडदा तिथेच होता. गिऱ्हाइकांना याच पाठीची करामत दाखवायला बसवलेला, भिंतीएवढा. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. तिने पहिला फोटो उघडला.

मामी मधोमध. भाऊ, वहिनी, मुलं. ठमी. आणि ठमीच्या खांद्यावर एक हात.

हात मनगटाच्या थोडा मागे, बाहीच्या काठापाशी संपत होता. त्याच्यापुढे चौकटच नव्हती.

तिने दुसरा उघडला. तिसरा. बाराच्या बारा उघडले. एकात बाहीचा अर्धा इंच जास्त होता, इतकंच. मग तिने तो हात मोठा केला, आणखी मोठा केला, आणि सेन्सरने आपलं काम चोख केलेलं दिसलं. नखावरची रेघ, बोटाच्या पेरावर कुंचला धरून पडलेला घट्टा, खांद्याच्या कापडात रुतलेली चार बोटं, सगळं लख्ख. फक्त आई नव्हती. पडद्याखालच्या मांडणीत ते माहितीपत्रक उभं केलेलं होतं आणि त्यावरची ओळ खोलीतल्या कुठल्याही खुर्चीवरून वाचता यायची. ठमी खाली फरशीवर बसली. रडूही येईना. आपणच आपल्या आईला कापलं, हे वाक्य डोक्यात आलं आणि तिथेच बसून राहिलं.

मामाला भावाने सांगितलं, फोनवर, जमेल तितकं सांभाळून. मामाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेऱ्यावर कापड टाकलं, भिंगं कपाटात ठेवली आणि मामीला म्हणाला, "नजर गेली माझी. एवढी साधी चौकट धरता आली नाही. बहिणीनं जन्मात एकदा मागितलं." जेवण तुटलं. कुणाशी धड बोलेना. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट तपासत बसायचा, मग हात बदलायचा. मामी ठमीला फोनवर हे सांगताना रडली.

ठमीने आठ दिवस काढले. नवव्या दिवशी ऑफिसात नवीन पाठ आली. सेन्सर चोपन्न बाय चाळीस. साहेब खुशीत होते. "आता लिहा, 'खऱ्या अर्थानं पूर्ण'," ते म्हणाले.

"मग आधीची काय होती?" ठमीने विचारलं.

"आधीची पण पूर्णच होती की. ही जास्त पूर्ण आहे." साहेबांना आपलाच विनोद आवडला. "आणि तुमची ती ओळ ठेवा. काचेत दिसतं ते सगळं. जमलेली ओळ आहे."

ही पाठसुद्धा त्या काचेपेक्षा लहानच होती. आई असती तर म्हणाली असती, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ठमीने पर्स उचलली, जुनं माहितीपत्रक त्यात घातलं आणि भर दुपारी मामाकडे गेली. मामाची नजर शाबूत आहे, चूक माझी आहे, हे तिला सांगून टाकायचं होतं. आई परत येणार नव्हती, पण मामाला तरी या फाशीतून सोडवता आलं असतं. वाटेत ती तेच घोकत होती.

मामा पुढच्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली. ठमीने माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवलं, शेवटचं पान उघडलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मामा, तुझी नजर गेलेली नाही. ही वाच. सेन्सर लहान आहे. काचेत दिसतं त्यातलं निम्मंसुद्धा त्यात येत नाही. मला माहीत होतं. लिहिलं तेव्हापासून माहीत होतं. तरी ती वरची ओळ मी लिहिली. तुझं काही चुकलेलं नाही. सगळं माझं चुकलं."

मामाने पानाकडे पाहिलंच नाही.

"वाचली होती ती," तो म्हणाला.

"काय?"

"तारा बघितला, मागं जाऊन वाचलं. भिंग घेऊन. तो प्लास्टिकचा चौकोन पण निघाला खोक्यातून." त्याने टेबलाचा खण ओढला आणि एक पाकीट काढून तिच्यासमोर टाकलं. चौकोन आत जसाच्या तसा होता. "म्हटलं, हे दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यासाठी असणार. छापखान्यात कुणीतरी चुकून घातलं असणार. कारण वर आपल्या ठमीनं लिहिलंय की सगळं येतं. आणि ठमी या काचेत बघत लहान झालीये, तिला माहीत आहे सगळं म्हणजे किती ते. तिनं लिहिलंय म्हटल्यावर त्या ताऱ्याचं कशाला ऐकायचं?"

मामाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तो अंगावर घेतला असता, त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं.

मामा उठला. कॅमेऱ्यावरचं कापड काढलं, तिपाईसकट उचलून अंगणात नेला आणि त्या सकाळी जिथे होता तिथेच टेकवला. जमिनीवर तिपाईच्या पायांच्या खुणा अजून होत्या. पाकिटातून चौकोन काढून त्याने काचेवर बसवला.

"तू बघ," तो म्हणाला, आणि जाऊन आई उभी होती तिथे उभा राहिला. हात असा थोडा पुढे, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

ठमी वाकली. काचेत अंगण होतं, खांब होता, आणि उजव्याचं डावं झालेला मामा होता, डोक्यापासून पायापर्यंत. त्याच्या आणि अंगणाच्या मधून काळी रेघ जात होती.

"दिसतोय का मी?"

"दिसतोस," ठमी म्हणाली. मग तिने खरं ते सांगितलं. "पण फोटोत येणार नाहीस."

मामा थोडा आत सरकला. "आता?"

"नाही. अर्धाच."

तो आणखी सरकला. "आता?"

"आता आलास."

ठमीने मान वर केली नाही, पण काचेत तिला दिसत होतं की मामा खाली जमिनीकडे बघतोय, आधी उभा होता ती जागा आणि आता उभा आहे ती जागा, यांच्यामध्ये.

"एकच पाऊल," तो म्हणाला. "तिला सांगितलं असतं तर सरकली असती गं."